पडलेला घरबाजार सावरेल का? एखादा प्रदेश पारखण्याची पद्धत

"एवढा पडलाय, आता याहून खाली काय जाणार?" मंदीत घर शोधणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. त्यात दोन घोटाळे आहेत. पहिला साधा आहे: बाजार याहून खाली जाऊ शकतो. दुसरा जास्त महागात पडतो. घसरण थांबली म्हणजे चढण सुरू होईलच, असं त्यात गृहीत धरलेलं असतं.

दोन शहरं शेजारी ठेवून बघा. स्कॉटलंडमधलं ॲबर्डीन तेलावर जगणारं, पश्चिम ऑस्ट्रेलियातलं पर्थ खाणींवर. २०१४ पर्यंत दोन्हीकडे घरं तेजीत होती. मग तेलाचे भाव कोसळले, आणि खाणींमधल्या नव्या गुंतवणुकीचा पूरही त्याच सुमारास ओसरला. दोन्ही शहरांत 'विकणे आहे'च्या पाट्या लागल्या. पर्थ पाच-सहा वर्षं घसरत, रखडत राहिलं आणि नंतर असं उसळलं की २०२४ मध्ये ते ऑस्ट्रेलियात सर्वांत वेगाने महागणाऱ्या शहरांत होतं. ॲबर्डीनने मात्र दहा वर्षांनीही २०१४ ची पातळी गाठली नव्हती. २०१६ मध्ये दोन्हीकडच्या किमतींचे आलेख पाहून कोणाला हा फरक सांगता आला नसता. तो दिसत होता, पण दुसऱ्या आकड्यांत.

ते दुसरे आकडे कुठले आणि कुठल्या क्रमाने बघायचे, ते इथे मांडतो. घर घ्यायचं की थांबायचं, किंवा हातातलं घर आता विकायचं की धरून ठेवायचं, अशा पेचात असलेल्या माणसासाठी हे आहे. लागतं फार थोडं: एक वही, त्या प्रदेशाचे निदान दहा वर्षांचे सरकारी आकडे, आणि प्रत्यक्ष दोन-तीन फेऱ्या.

आधी निदान: बाजार पडला कशाने?

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि माझ्या मते अर्धा निकाल इथेच लागतो. घरांचे भाव पडण्याची कारणं अनेक असली तरी ढोबळमानाने तीन जाती दिसतात.

पहिली जात कर्जाची आणि अति बांधकामाची. माणसं येत होती, रोजगार होता, पण कर्ज मागेल त्याला मिळालं आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त घरं उभी राहिली. अमेरिकेतलं लास वेगास हे याचं ठळक उदाहरण. २००६ च्या शिखरापासून २०१२ च्या सुरुवातीपर्यंत तिथले भाव ६० टक्क्यांहून अधिक पडले. आयर्लंडमध्ये २००७ ते २०१३ या काळात किमती निम्म्यावर आल्या. पण वाळवंटातल्या त्या शहरात यायचं कारण संपलं नव्हतं, आणि आयर्लंडची तरुण लोकसंख्या कुठे नाहीशी झाली नव्हती. जास्तीची घरं पोटात जिरायला वेळ लागला, इतकंच.

दुसरी जात धक्क्याची. एखादा मोठा धंदा अचानक बसतो. १९८६ मध्ये तेलाचा भाव काही महिन्यांत निम्म्याहून खाली आला आणि अमेरिकेतल्या ह्यूस्टन या तेलावर जगणाऱ्या शहरात घरं ओस पडली. यात पुढे काय होईल ते धंदा परत उभा राहतो का, किंवा दुसरा त्याची जागा घेतो का, यावर ठरतं. ॲबर्डीन आणि पर्थ दोन्ही याच जातीचे. फरक असा की ब्रिटनच्या वाट्याच्या उत्तर समुद्रातलं तेल-उत्पादन १९९९ मध्येच शिखरावर पोचून उतरणीला लागलं होतं. २०१४ चा धक्का उताराला लागलेल्या धंद्याला बसला. पर्थ ज्याच्या आधारावर होतं ते लोहखनिज मात्र निघतच होतं. खाणी बांधण्याचं काम संपलं होतं, खाणी चालवण्याचं नाही.

तिसरी जात गळतीची. एका वर्षात काही घडत नाही. कारखाने एकेक करून बंद होतात, तरुण शिकायला बाहेर जातात आणि परतत नाहीत. अमेरिकेतल्या डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, २०२० मध्ये ती ६ लाख ३९ हजार उरली. ओहायोतल्या यंगस्टाउनमध्ये १९ सप्टेंबर १९७७ रोजी एका मोठ्या पोलाद कारखान्याने बंदची घोषणा केली. १९३० मध्ये जिथे १ लाख ७० हजार माणसं राहत होती, तिथे आता ६० हजारांच्या आसपास राहतात.

या तिसऱ्या जातीत घरं इतकी स्वस्त का राहतात, हे एडवर्ड ग्लेझर आणि जोसेफ ग्युर्को या अर्थतज्ज्ञांनी २००५ मध्ये नेमकं मांडलं. घर टिकाऊ असतं. शहर वाढतं तेव्हा मागणीबरोबर घरं बांधता येतात, पण शहर आटतं तेव्हा घरं आपोआप कमी होत नाहीत. माणसं निघून जातात, विटा जागेवरच राहतात. मग जुन्या घराचा भाव नवं बांधण्याच्या खर्चाखाली जातो आणि तिथेच दशकानुदशकं पडून राहतो. अशा ठिकाणी "बांधकाम खर्चाच्या निम्म्यात मिळतंय" ही जाहिरात खरी असते, आणि म्हणूनच तिच्यात भुलण्यासारखं काही नसतं.

वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिहा: इथला बाजार अमुक कारणाने पडला. ते लिहिता येत नसेल तर पुढच्या पायऱ्यांना अर्थ नाही. कारणं दोन-तीन एकत्र असतील तर सर्वांत जुनं कुठलं ते शोधा. जुनं कारण सहसा गळतीचं निघतं.

माणसं येताहेत का, आणि कशासाठी?

बेरोजगारीचा दर बघू नका, किंवा एकटा तरी बघू नका. तो फसवतो. काम नसलेली माणसं गाव सोडून गेली की दर आपोआप सुधारतो आणि बातमी येते, 'बेरोजगारी घटली'. बघायचा आकडा म्हणजे प्रत्यक्ष कामावर असलेल्यांची संख्या. ती सलग दोन वर्षं वाढत असेल तर पाया आहे.

मग विचारा, बाहेरचा पैसा या प्रदेशात कोण आणतं? न्हावी, किराणा दुकानदार, रिक्षावाला यांचा रोजगार खरा असतो, पण तो आतल्या आत फिरणाऱ्या पैशावर चालतो. कारखाना, बंदर, विद्यापीठ, मोठं रुग्णालय, पर्यटन, सॉफ्टवेअरची कार्यालयं हे बाहेरून पैसा ओढतात. या यादीतलं एकच नाव जवळजवळ सगळा भार उचलत असेल तर तो बाजार एका खांबावरचा तंबू आहे. ह्यूस्टन पुन्हा साक्षीला येतं. १९८६ नंतरच्या काळात तिथे वैद्यकीय संकुल, बंदर, रसायन उद्योग असे आणखी खांब भक्कम झाले. २०१४ ते २०१६ मध्ये तेल शंभर डॉलरवरून तिसाच्या खाली आलं तेव्हा शहराला ठेच लागली, पण घरबाजार तीस वर्षांपूर्वीसारखा कोसळला नाही.

येणाऱ्यांचं वयही बघा. पंचवीस ते चाळीस या वयातली माणसं नवं बिऱ्हाड करतात, आणि घरबाजाराला लोकसंख्येपेक्षा बिऱ्हाडांची संख्या जास्त कळते. शाळांमधली पहिलीची पटसंख्या हा यासाठी माझा आवडता आकडा आहे. जनगणना दहा वर्षांनी येते, पट दरवर्षी कळतो, आणि तरुण कुटुंबं निघून जाताहेत की येऊन राहताहेत हे तो तोंडावर सांगतो.

इथे एक सावधगिरी. देशाचा आकडा प्रदेशाला लावू नका आणि उलटही करू नका. जपानमध्ये २०२३ च्या सरकारी पाहणीत ९० लाख घरं रिकामी सापडली, म्हणजे एकूण घरांच्या जवळजवळ १४ टक्के. त्याच वर्षी टोकियोत नवे फ्लॅट सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर चालले होते. दोन्ही गोष्टी एकाच देशात, एकाच वेळी.

साठा मोजा, दिसणारा आणि लपलेला

आता हिशेबाचा भाग. समजा एका प्रदेशात २,४०० घरं विक्रीला लागली आहेत आणि महिन्याला २०० विकली जातात. २,४०० भागिले २००, म्हणजे १२ महिन्यांचा साठा. आज नवं एकही घर बाजारात आलं नाही तरी आहे ते संपायला वर्ष लागेल. सहा महिन्यांच्या आसपासचा साठा समतोल मानायची रीत आहे. त्याहून बराच जास्त असेल तर घासाघीस घेणाऱ्याच्या हातात, बराच कमी असेल तर विकणाऱ्याच्या.

वर्षानंतर याच प्रदेशात विक्रीला १,८०० घरं आहेत आणि महिन्याला ३०० विकली जाताहेत. साठा सहा महिन्यांवर आला. सरासरी किंमत मात्र गेल्या वर्षापेक्षा दोन टक्क्यांनी कमीच आहे. वर्तमानपत्र म्हणेल, 'घसरण सुरूच'. वहीतला आकडा सांगतोय की साठा निम्मा झाला. अशा वेळी मी वहीवर विश्वास ठेवतो, पण एक गोष्ट तपासल्याशिवाय नाही.

ती म्हणजे लपलेला साठा. हप्ते थकलेली, जप्तीच्या वाटेवरची, बँकेने ताब्यात घेऊन अजून विक्रीला न लावलेली, बिल्डरने अर्धवट सोडलेली घरं 'विक्रीला लागलेली' या यादीत नसतात. समजा वरच्या प्रदेशात अशी १,५०० घरं आहेत. खरा साठा ३,३०० झाला, म्हणजे ११ महिने. सहा महिन्यांचा समतोल कागदावरच राहिला. थकीत कर्जांचं प्रमाण, लिलावाच्या जाहिराती, न्यायालयात पडून असलेली जप्तीची प्रकरणं यांवरून या साठ्याचा अंदाज बांधता येतो.

हा साठा किती वेगाने बाहेर येतो, यावर सावरण्याचा वेग ठरतो. अमेरिकेत काही राज्यांत जप्तीसाठी न्यायालयात जावं लागतं, काहींत लागत नाही. ॲरिझोना, नेवाडा, कॅलिफोर्निया दुसऱ्या गटातली. तिथे बँकांनी घरं झटपट काढली, भाव भयानक पडले, पण तळही लवकर लागला. ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये भाव निम्म्याहून खाली जाऊन २०११ च्या अखेरीस तळाला टेकले आणि पुढच्याच वर्षी जोरात वर निघाले. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत एकेका जप्तीला सरासरी अडीच-तीन वर्षं लागत होती. घसरण कमी दिसली, पण वर्षानुवर्षं रेंगाळली. हे त्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांच्या बाजूने बघितलं तर चित्र वेगळं आहे: न्यायालयाने दिलेला वेळ कित्येकांना घर वाचवायला उपयोगी पडला. बाजार लवकर सावरणं आणि माणसं सावरणं या दोन गोष्टी नेहमी एकाच दिशेला जात नाहीत. पण इथे प्रश्न बाजाराचा आहे, म्हणून नोंद एवढीच: जिथे गाठ लवकर फुटते तिथे जखम लवकर भरते.

साठ्याचं दुसरं टोक म्हणजे नवं बांधकाम. बांधकाम परवान्यांचा आकडा पडला की लोक त्याला वाईट बातमी म्हणतात. मजुरांसाठी, सिमेंटवाल्यांसाठी ती वाईटच असते. पडलेल्या बाजारासाठी मात्र तेच औषध आहे. अमेरिकेत २००५ मध्ये वीस लाखांहून अधिक घरांचं काम सुरू झालं होतं, २००९ मध्ये साडेपाच लाखांचं. आयर्लंडमध्ये २००६ मध्ये वर्षाला ९० हजारांच्या आसपास घरं पुरी होत होती, २०१३ पर्यंत हा आकडा दहा हजारांच्याही खाली गेला. इतकी वर्षं कोणी काही बांधलं नाही की मागणी जरा हलली तरी टंचाई जाणवते. हाँगकाँगमध्ये सरकारनेच नळ बंद केला: भाव १९९७ पासून घसरत असताना २००२ च्या अखेरीस जमिनीचे लिलाव थांबवले आणि सवलतीच्या घरांची योजना गुंडाळली. तळ २००३ मध्ये लागला.

परवान्यांबरोबर जागाही बघा. डोंगर, समुद्र किंवा कडक नियमांमुळे जिथे नवं बांधणं अवघड आहे तिथे मागणी आली की भाव चढतात. जिथे चारी दिशांना मोकळं माळरान आहे तिथे मागणी आली की बिल्डर येतात आणि भाव फार वर जात नाहीत. टेक्सासमधलं डॅलस २००७ नंतर १० टक्क्यांच्या आसपासच पडलं आणि काही वर्षांतच जुन्या शिखरावर पोचलं, याचं एक कारण तेजीतही तिथे फुगा फुगला नव्हता. लास वेगासला जुनं शिखर गाठायला २०२१ उजाडलं. सर्वांत जास्त पडलेला बाजार सर्वांत चांगला सौदा असतो, ही समजूत तेवढ्यासाठी बाजूला ठेवा. ५० टक्के पडलेल्या किमतीला मूळ जागी यायला १०० टक्के चढावं लागतं, ६० टक्के पडलेलीला १५०.

भाडं बोलतं, भाव नंतर

घर विकत घेणारा आशेवर आणि भीतीवर चालतो. भाडेकरू तसा चालत नाही. त्याला पुढच्या महिन्यात डोक्यावर छप्पर हवं असतं आणि खिशात असेल तेवढंच तो देतो. म्हणून भाडं हा मागणीचा जास्त प्रामाणिक आकडा आहे.

पर्थमध्ये हे अगदी क्रमाने घडलं. २०१७ च्या सुमाराला भाड्याची कितीतरी घरं रिकामी होती, मालक भाडं उतरवून भाडेकरू शोधत होते. नवं बांधकाम आटत गेलं, रिकामी घरं हळूहळू भरली, २०२१ पर्यंत रिकाम्या घरांचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. भाडी चढू लागली. विक्रीच्या भावांची मोठी उसळी त्यानंतरची.

हिशेब असा करा. तेजीत घराची किंमत १०० होती आणि वर्षाचं भाडं ३.६. म्हणजे किमतीच्या ३.६ टक्के. किंमत ६० वर आली आणि भाडं तेवढंच राहिलं, तर प्रमाण ६ टक्के झालं. कर, डागडुजी, विमा, मधले रिकामे महिने यांत १.१ गेले तरी २.५ हातात राहतात, म्हणजे चार टक्क्यांच्या वर. या पातळीला स्वतःच्या पैशाने घेणारे जागे होतात. पण त्याच घराचं भाडंही २.४ वर घसरलं असेल तर खर्च वजा जाता १.३ उरतात, दोन टक्क्यांच्या थोडं वर. किंमत तितकीच पडली, घर मात्र स्वस्त झालं नाही. किंमत पडली आणि भाडं टिकलं, तर बाजार घाबरलाय. दोन्ही पडली, तर मागणीच गेली आहे.

कर्ज मिळतंय का?

व्याजाचा दर सगळे बघतात, म्हणून थोडक्यात सांगतो. वीस वर्षांच्या कर्जाचा दर ८ वरून ६ टक्क्यांवर आला तर दर लाखामागचा मासिक हप्ता ८३६ वरून ७१६ वर येतो. तेवढ्याच हप्त्यात सुमारे १७ टक्के जास्त कर्ज झेपतं. ही ताकद मोठी आहे, पण ती सगळ्या प्रदेशांना सारखीच मिळते. यंगस्टाउनमधल्या आणि डॅलसमधल्या दरात फारसा फरक नव्हता. प्रदेशांमध्ये फरक पडतो तो दोन गोष्टींनी.

एक, बँका त्या भागात मुळात कर्ज देताहेत का. पोळलेली बँक त्या पिनकोडलाच टाळते, तारणाचं मूल्य कमी धरते, स्वतःची रक्कम जास्त मागते. दोन-तीन शाखांमध्ये जाऊन नुसतं विचारा, "या भागातल्या घरावर किती टक्के कर्ज द्याल?" मिळालेलं उत्तर वर्षभराने पुन्हा विचारून बघा. ४० टक्के स्वतःचे आणा म्हणणारी शाखा २५ वर आली असेल, तर बँकेच्या आतल्या लोकांना काहीतरी दिसू लागलंय.

दोन, घराच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त, अशा अवस्थेत किती लोक अडकलेत. हाँगकाँगमध्ये २००३ च्या मध्याला अशी एक लाखाहून अधिक कर्जं होती. हा माणूस घर विकू शकत नाही, कारण विकून कर्ज फिटत नाही. नोकरी दुसरीकडे मिळाली तरी तो हलू शकत नाही. विकत नाही म्हणून पुढचं घर घेतही नाही. बाजाराची साखळी तिथे तुटते. भाव थोडे वर आले की हे अडकलेले लोक एकदम मोकळे होतात आणि विक्रीला रांग लावतात. म्हणून चढणीच्या सुरुवातीला मध्येच एखादं वर्ष भाव अडखळतात. तेव्हा घाबरून जाऊ नका.

घेतंय कोण?

पडलेल्या बाजारात पहिले खरेदीदार जवळजवळ नेहमी रोकडवाले असतात. फिनिक्समध्ये २०१२ च्या सुमाराला मोठ्या गुंतवणूक कंपन्यांनी एकेक घर करत हजारो घरं उचलली आणि भाड्याने दिली. त्यांनी तळ पक्का केला हे खरं. पण रोकडवाला गुंतवणूकदार चढणीचा पाया होऊ शकत नाही, तो फक्त खड्डा भरतो. त्याच्या मागोमाग पहिलं घर घेणारी, कर्ज काढून राहायला येणारी कुटुंबं येताहेत का ते बघा. नोंदणीत कर्जासह झालेल्या खरेदीचं प्रमाण वाढताना दिसलं तर दुसरी फळी आली म्हणायची. दोन-तीन वर्षं उलटूनही घेणारे सगळे बाहेरगावचे आणि सगळे भाड्यानेच देणारे असतील, तर मी सावध होतो. ते आले तसे जातातही.

भावाचा आकडा कसा वाचायचा

एव्हाना लक्षात आलं असेल की मी किमतीकडे शेवटी येतोय. सावरणाऱ्या बाजारात क्रम साधारण असा असतो: आधी सौद्यांची संख्या वाढते, मग साठा उतरतो, मग घर विकायला लागणारे दिवस कमी होतात, मग मागितलेल्या आणि मिळालेल्या किमतीतलं अंतर घटतं, आणि त्यानंतर कुठे किंमत हलते. मधली एखादी पायरी पुढेमागे होते, पण किंमत पहिली सहसा हलत नाही. ती एकटीच हलली असेल तर संशय घ्या.

संशय कशाचा? बहुतेक वेळा सरासरीच्या लबाडीचा. मंदीत स्वस्त घरांचे लिलाव जास्त होतात, सरासरी खाली दिसते. लिलाव संपले आणि चार मोठी घरं विकली गेली की सरासरी वर जाते. एकाही घराचा भाव बदललेला नसतो. यावरचा उपाय म्हणजे तेच घर पुन्हा विकलं गेलं तेव्हा काय मिळालं, हे बघणं. कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर यांच्या नावाने ओळखला जाणारा अमेरिकी निर्देशांक याच तत्त्वावर उभा आहे. तुमच्या प्रदेशाला असा निर्देशांक नसेल तर एखाद्या मोठ्या संकुलातल्या एकसारख्या फ्लॅटचे नोंदणीतले दहा-बारा सौदे काढा. तेवढ्यावरही बरंच कळतं. तुलना करताना मागच्या महिन्याशी नको, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, कारण घरखरेदीला मोसम असतात.

महागाई वजा करायलाही विसरू नका. आयर्लंडच्या किमतींनी २००७ चं शिखर २०२२ मध्ये ओलांडलं. मधल्या पंधरा वर्षांत पैशाची किंमत तीच राहिली नव्हती.

संध्याकाळी सातला चालत जा

कागद संपले की पाय. मी एखादा भाग बघायला जातो तेव्हा दुपारी जात नाही, दलालाबरोबर तर मुळीच नाही. आठवड्यातल्या मधल्या दिवशी, दिवेलागणीनंतर जातो आणि एका इमारतीसमोर उभा राहून खिडक्या मोजतो. एकदा नव्यानेच 'पूर्ण विकला गेलेला' म्हणून सांगितलेल्या संकुलात मी ऐंशी खिडक्यांपैकी एकोणीस उजळलेल्या मोजल्या. बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे त्याहून कमी होते. घरं विकली गेली होती, राहायला कोणी आलं नव्हतं. म्हणजे तो सगळा साठा गुंतवणूकदारांच्या हातात होता आणि भाव थोडा चढताच विक्रीला येणार होता. रखवालदाराला विचारलं, "रोज कचरा किती घरांतून येतो?" तो म्हणाला, "वीस-बावीस." हिशेब जुळला.

आणखी काय बघायचं: मुख्य रस्त्यावरची बंद शटरं वाढलीत की उघडलीत, अर्ध्यावर सोडलेल्या इमारतीवर कामगार परतले का, 'किंमत कमी केली'च्या पाट्या उन्हाने फिक्या पडल्यात की ताज्या आहेत. आयर्लंडमध्ये २०१० च्या सरकारी पाहणीत २,८०० हून अधिक अर्धवट वसाहती सापडल्या होत्या. चढण आली ती आधी डब्लिनमध्ये. कामाच्या ठिकाणापासून लांब, माळावर उभ्या राहिलेल्या वसाहतींना कित्येक वर्षं कोणी विचारलं नाही, काही तर शेवटी पाडल्या. सावरण्याची लाट मध्यातून कडेला जाते, म्हणून 'प्रदेश सावरतोय' हे खरं असलं तरी कडेच्या घराला ते लागू व्हायला तीन-चार वर्षं उशीर धरा.

पाडणं म्हणजे हार असंही समजू नका. डेट्रॉइटने २०१३ च्या दिवाळखोरीनंतर दहा हजारांहून अधिक ओसाड घरं पाडली. गळतीच्या जातीत साठा कमी करायचा दुसरा मार्गच नसतो. २०२३ च्या अंदाजात त्या शहराची लोकसंख्या १९५७ नंतर पहिल्यांदा वाढलेली दिसली. महापालिकेकडे पैसा आहे का, ती रस्त्यावरचे दिवे चालू ठेवू शकते का, कर वाढवत बसावं लागतंय का, हेही म्हणूनच विचारायचं. तिजोरी रिकामी असलेलं शहर करवाढ करतं, करवाढीने माणसं जातात, आणि चक्र उलट फिरतं.

वहीचं शेवटचं पान

एका पानावर सहा ओळी आखा: कामावरची माणसं, पहिलीचा पट, लपलेल्यासह साठ्याचे महिने, नवे परवाने, भाडं, कर्जासह झालेले सौदे. दर सहा महिन्यांनी भरा. सहापैकी चार ओळी सलग दोन वेळा योग्य दिशेला सरकल्या तर मी घर बघायला सुरुवात करतो, भाव अजून पडत असले तरी. पहिल्या दोन ओळी उलट्या जात असतील तर बाकीच्या चार कितीही चांगल्या दिसोत, मी हात लावत नाही. हे माझं प्रमाण आहे, तुम्ही तुमच्या जोखमीप्रमाणे बदला. स्वतः राहण्यासाठी घेत असाल आणि दहा वर्षं हलणार नसाल तर थोडं आधी घेतलं तरी चालतं. कर्जावर घेऊन तीन वर्षांत विकायचं असेल तर सहाच्या सहा ओळी जुळल्या तरी मी दोनदा विचार करीन.

त्याच पानाच्या खाली, पैसे देण्याआधी, आणखी एक ओळ पेनाने लिहून ठेवा: काय घडलं तर माझा अंदाज चुकला असं मी मानीन. उदाहरणार्थ, 'मोठा कारखाना दुसरी पाळी बंद करेल' किंवा 'भाडं सलग दोन वर्षं उतरेल'. आधी लिहिलं नाही तर ते घडल्यावर आपण त्यालाही कारणं शोधतो.